बापाचं दोन खिडक्यांचं घड्याळ

माझ्याकडे सात घड्याळं आहेत आणि बॅटरीचं त्यातलं एकही नाही. सगळी जुनी, चाकांवर चालणारी, आणि प्रत्येकाच्या तबकडीवर तीनच्या आकड्याजवळ तारखेची बारीक खिडकी. त्यातल्या चारांना दोन खिडक्या आहेत, एक तारखेची, एक वाराची. मुरुडला वाडीत माझ्या चार खोल्या आहेत. मुंबई-पुण्याची माणसं दोन-दोन दिवस राहायला येतात, त्यांचं जेवण मीच करते. मासे तळता तळता मी मनगटाकडे पाहिलं की त्यांना गंमत वाटते. एकदा एका पाहुण्याने सगळ्यांसमोर विचारलं, काकू, तारीख फोनवर दिसते की, हे डबडं कशाला बाळगता. मी त्याला पोटभर जेवायला वाढलं, पण तळलेली तुकडी काही वाढली नाही. माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

या घड्याळांना महिना कळत नाही. आत एकतीस दात्यांचं एक कडं असतं, ते रोज एक दाता सरकतं. तीस दिवसांचा महिना, अठ्ठावीस दिवसांचा फेब्रुवारी, हे त्याच्या गावीही नसतं. पहिली तारीख उजाडली तरी ते खुशाल एकतीस दाखवतं, आणि मग आपण चावी बाहेर ओढून त्याला पुढे ढकलायचं. मला तेच आवडतं. महिना पालटला की सकाळचा चहा घेऊन मी ओटीवर बसते आणि सातही घड्याळं पुढ्यात मांडते. काहींचे काटे मागे नऊपर्यंत नेऊन पुन्हा बाराच्या पार आणावे लागतात. तारीख पलटायच्या आधी बोटाला चावी जड लागते, मग आत काहीतरी टक् करून सुटतं आणि खिडकीत नवा आकडा येऊन बसतो. त्या एका टक् साठी मी पेणपासून महाडपर्यंत घड्याळांची जुनी दुकानं पालथी घातली आहेत. फोनमधली तारीख मला न विचारता बदलते. न विचारता घडणाऱ्या गोष्टी मी लहानपणी पुष्कळ पाहिल्या.

सातातलं पहिलं घड्याळ बापाचं. तोंडावर मी त्याला बाबा म्हणते, अहो-जाहो करते. लिहिताना जमत नाही.

बाप रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच चालवायचा. आमचं घर जेट्टीपासून दहा मिनिटांवर होतं. धक्क्यावरच्या कुठल्याशा खलाशाकडून त्याने ते घड्याळ घेतलं होतं. स्टीलची ताणणारी चेन, हिरवट तबकडी, तारीख इंग्रजी आकड्यात आणि वार देवनागरीत: सोम, मंगल, बुध, गुरु. चावी द्यायची गरज नाही, हात हलला की आपोआप चालायचं. ऐटीसाठी तो ते उजव्या मनगटात बांधायचा. आंघोळीला जाताना काढायचा आणि आईला मारताना काढायचा. एरवी ते हातावरच.

त्याची पद्धत ठरलेली होती. डाव्या हाताने चेन ताणायची, घड्याळ पंजावरून सरकवायचं, देवांच्या तसबिरींशेजारी फळीवर रुमाल पसरून त्यावर ठेवायचं. मग आईचे केस धरायचे. घाई कधीच नसायची. शिव्यासुद्धा घड्याळ ठेवून झाल्यावर. चेनीचा तो खर्र आवाज आला की आई हातातलं भांडं खाली ठेवायची, निदान ते तरी फुटू नये म्हणून. अलिबागच्या घड्याळजी चाचांनी मला पुढे कधीतरी समजावलं की अशा घड्याळात केसाएवढी बारीक दांडी असते, तिच्यावर एक चाक डोलत असतं, आणि जोराचा धक्का बसला की पहिली मोडते ती दांडी. बापाला हे माहीत होतं. आईच्या हाडांबद्दल त्याला कोणी काही समजावलं नव्हतं.

मारायचा तो कशावरून, हे सांगण्यात अर्थ नाही. आमटी पातळ झाली म्हणून, आमटी घट्ट झाली म्हणून. एकदा आई शेजारणीशी हसली म्हणून त्याने तिची बोटं दारात चेंगरली. एकदा पाटा उचलून तिच्या पायावर टाकला आणि ती लंगडत त्याचंच ताट वाढत होती. पण तो सोमवार आणि गुरुवार पाळायचा. त्या दोन दिवशी मासा नाही, दारू नाही, दाढी नाही आणि हात उचलणंही नाही. देवाचा वार. आई सोमवारी सकाळी केस मोकळे सोडून निवांत विंचरायची, हे मला अजून दिसतं.

लाँचवाल्याला सगळे दिवस सारखेच. सुट्टी नाही, रविवार नाही. भरती-ओहोटी तिथीवर चालते, म्हणून तिथी त्याच्या तोंडपाठ. वार मात्र तो मनगटावर बघायचा. संध्याकाळी घरी आला की आंघोळ, मग घड्याळ घालता घालता खिडकीत नजर. बुध दिसला की बाटली निघायची.

मी दहा वर्षांची होते. एका बुधवारी बाप चिडूनच घरात शिरला, आईकडे बघून दात चावत म्हणाला, जेवण झाल्यावर तुला बघतो, आणि मोरीत गेला. घड्याळ फळीवर होतं. मी स्टुलावर चढले, चावी ओढली आणि काटे बाराच्या पार फिरवले. बुधचा गुरु झाला. मग काटे फिरवून वेळ होती तिथे आणून ठेवली. बाप बाहेर आला, घड्याळ चढवलं, खिडकीत पाहिलं आणि थबकला. आईने कोलंबीचं कालवण रांधलं होतं. तो म्हणाला, गुरुवारी कोलंबी शिजवतेस, लाज न्हाय तुला? पण आवाज खालचा होता. दही-भात खाऊन तो झोपला. आई कालवणाचं पातेलं घेऊन उभी राहिली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मग ती पातेलं शेजारी देऊन आली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आंघोळीला गेला तेव्हा मी वार परत जागेवर आणायचं ठरवलं. काटे उलटे फिरवून वार मागे जात नव्हता, म्हणून मी नऊ ते बारा, नऊ ते बारा असं करत सहा दिवस पुढे ढकलले. पुन्हा गुरु आला. तारीख आठवड्याने पुढे गेलेली मला दिसत होती, पण तिचं काय करायचं हे मला सुचलं नाही आणि काही करायला हवं असंही वाटलं नाही. आमच्या घरात जेवण वारावर होतं, समुद्र तिथीवर होता, इंग्रजी तारखेवाचून कुणाचं काहीच अडत नव्हतं. त्या पावसाळ्याआधी मी असं तीनदा केलं. तीन बुधवार आईचे वाचले. मला वाटायचं मी बापाला चांगलीच शेंडी लावली.

मग लाँचवरच्या नेहमीच्या कारकुनाला ताप आला आणि फेऱ्यांच्या वहीत त्या दिवशीची नोंद बापाला करावी लागली. त्याने मनगटावर बघून तारीख घातली, ती तीन आठवडे पुढची. धक्क्यावर पाच-पंचवीस माणसांसमोर ती वही फिरली. तीन आठवडे पुढे लाँच घेऊन गेला होता काय रे, असं विचारून त्याला सगळे हसले. बाप नुसता तापट नव्हता, त्याला स्वतःचं हसं झालेलं सोसायचं नाही.

तो घरात आला तेव्हा आई भाकरी थापत होती. घड्याळाला कोणी हात लावला, एवढंच त्याने विचारलं. मी चुलीच्या मागे होते. आईने मान वर केली नाही. म्हणाली, "मी लावला."

त्या दिवशी त्याने घड्याळ काढलं नाही. पहिला फटका कानशिलावर बसला, चेनीची कडी तिच्या कानातल्या फुलात अडकली आणि त्याने हात मागे ओढला तशी पाळी फाटली. दुसऱ्या फटक्याला ती परातीवर पडली. तिसरा, चौथा, मी मोजत होते. तो तिला भिंतीशी उभी करायचा आणि पुन्हा पाडायचा. तिच्या कानातून रक्त येत होतं आणि ते पिठात मिसळून लालसर चिखल झाला होता. मग एक फटका चुकला, घड्याळ भिंतीवर आपटलं आणि बाप एकदम थांबला. त्याने मनगट कानाला लावलं आणि डोळे बारीक करून ऐकत राहिला. आई त्याच्या पायाशी पडलेली होती.

मी केलं, असं मी म्हणाले नाही. दातखीळ बसली होती, असं पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. तोंड उघडलं असतं तर मार माझ्याकडे वळला असता, म्हणून मी ते उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी घड्याळ दुरुस्तीला अलिबागला गेलं. आई घरातच राहिली. तिने कानात तेल-लसूण घातलं, पण डावा कान गेला तो गेलाच.

हे सगळं सांगायचं ते घड्याळासाठी नाही. मोठी झाल्यावर मला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: आईची शेवटची वर्षं माझ्या घरात जावीत आणि तिच्या अंगाला पुन्हा कोणाचा हात लागू नये. लग्न केलं नाही. हात उचलणारं माणूस घरात आणायचंच नाही, असं ठरवलं होतं. मुरुडला येऊन खोल्या बांधल्या, त्यातली समुद्राच्या वाऱ्याची खोली आईसाठी ठेवली. पण बाप धडधाकट असेपर्यंत ती त्याला सोडून यायला तयार नव्हती.

तीन वर्षांपूर्वी त्याला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं जड झालं. मी गाडी करून दोघांना मुरुडला आणलं. त्याचा हात हलेना, तशी दीड दिवसात घड्याळ बंद पडलं. मी ते त्याच्या मनगटावरून काढून माझ्या उजव्या मनगटात घातलं. तो रडला. मी बघत उभी राहिले.

पहिले सहा महिने आईचे फार चांगले गेले. ती सकाळी वाडीत सुपाऱ्या गोळा करायची, दुपारी पाय पसरून झोपायची. पाहुण्यांच्या बायकांना भाकरी थापायला शिकवायची आणि त्यांच्या भाकऱ्यांना हसायची. तिला एवढं मोठ्याने हसता येतं हे मला पन्नाशीत कळलं.

मग एका शुक्रवारी ती बापाला पेज भरवत होती. पेज गरम लागली म्हणून त्याने चांगल्या हाताने स्टीलची वाटी उचलून तिच्या तोंडावर मारली. ओठ फुटला. मी ओट्याशी होते. डोक्यात तिडीक गेली. मी डाव्या हाताने चेन ताणली, घड्याळ काढून फ्रिजवर ठेवलं आणि त्याच्या थोबाडीत दिली. एक नाही, दोन. त्याची मान उशीवर इकडून तिकडे गेली. घड्याळ परत घालताना माझ्या लक्षात आलं की ते मी आधी काढलं होतं. आईच्याही लक्षात आलं होतं. ती ओठाला पदर लावून माझ्या मनगटाकडे बघत होती.

पुढे ते वाढत गेलं. तो थुंकला की एक, शिवी दिली की दोन. मी चिमटे काढले, दंड पिरगळला, एकदा तहानेने ओरडत होता तेव्हा पाण्याचा तांब्या त्याच्या डोक्यावर ओतला. सोमवार-गुरुवार मीही पाळते, लहानपणापासूनची सवय. त्या दिवशी माझा हात उचलला जात नसे. हे मी कधी ठरवलं नव्हतं.

त्याच सुमाराला बाप रोज सकाळी विचारू लागला, वार कुठला. शब्द धड उमटायचे नाहीत, पण तेवढं तो नीट विचारायचा. मला वाटलं त्याचं डोकं चालत नाही आता. मी भिंतीवर कॅलेंडर लावलं, तरी त्याचं विचारणं थांबेना. एका बुधवारी मी पापलेटं साफ करायला बसले आणि घड्याळाला खवले लागू नयेत म्हणून चेन ताणली. खर्र आवाज झाला. पलंगावर बापाने डावा हात तोंडावर घेतला आणि त्याचं धोतर ओलं झालं. तेव्हा मला कळलं तो वार का विचारतो ते.

मला त्याची दया यायला हवी होती. मला बरं वाटलं. अंगभर बरं वाटलं. पुढचे काही दिवस मी मुद्दाम त्याच्यासमोर उभी राहून घड्याळ काढायची, पुसायची आणि परत घालायची. त्याची पाचावर धारण बसलेली बघून मला जेवण गोड लागायचं. आई एकदा म्हणाली, नको करूस असं, म्हातारा माणूस हाय. मी तिला सांगितलं की हे मी तुझ्यासाठी करते. त्यानंतर दुपारची झोपायची ती बंद झाली, त्याच्या पलंगाशी बसून राहायला लागली. हसणंही कमी झालं, पण ते मी मनावर घेतलं नाही.

गेल्या मार्गशीर्षात एका मंगळवारी त्याने अंथरुणात घाण केली आणि ती काढणाऱ्या आईला रांड म्हणाला. तो शब्द त्याने नीट म्हटला. मी घड्याळ काढलं. या वेळी मी थांबणार नव्हते. पहिल्या फटक्याला त्याच्या नाकातून रक्त आलं, दुसऱ्याला तो पलंगावरून अर्धा खाली लोंबला, मी त्याला सदरा धरून वर ओढलं आणि पुन्हा हात उगारला. आई मध्ये आली. मला ती दिसली. दिसूनही हात आवरला नाही. तो तिच्या उजव्या कानावर बसला, चांगल्या कानावर, आणि ती दाराच्या चौकटीवर आपटून खाली बसली.

मी तिला उठवायला गेले, हाका मारत, माफी मागत. तिला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ती माझ्या ओठांकडे बघत होती, आणि मग तिने तिकडेही बघणं सोडलं. डॉक्टरांनी औषध दिलं, काही दिवसांत थोडं परत येईल म्हणाले.

तिसऱ्या दिवशी तळा या तिच्या माहेरगावाहून तिच्या भावाचा मुलगा गाडी घेऊन आला. तिने शेजारणीकडून फोन करवला होता. दोघांचे कपडे तिने दोन पिशव्यांत भरले होते, बापाची औषधं वेगळी बांधली होती. मी दारात आडवी उभी राहिले. बाबांना जाऊ दे, तू राहा, असं मी ओरडून ओरडून सांगितलं, वाडीतली माणसं गोळा झाली. तिने माझा हात बाजूला केला. स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे ती मोठ्याने बोलली.

"ह्यांचा मार खाल्ला मी जन्मभर. लेकीचा न्हाय खानार."

तिच्या भाच्याने बापाला उचलून मागच्या सीटवर बसवलं. आई त्याच्या शेजारी बसली, माझ्याकडे पाठ करून त्याचं पांघरूण सारखं करत राहिली. गाडी गेली तेव्हा गॅसवर तिच्यासाठी ठेवलेला चहा उकळून आटला होता.

महिन्याभराने मी एसटीने तळ्याला गेले. तिला आवडतात म्हणून सुके बोंबील नेले, कानाची औषधं नेली. तिने मला बसायला पाट दिला, चहा दिला, वाडीतल्या सुपाऱ्यांचं काय केलं ते विचारलं. उजव्या कानाने बरंचसं ऐकू येत होतं. बाप आतल्या खोलीत होता. ती त्या दाराच्या तोंडाशीच बसली होती. परत कधी येशील, असं मी विचारलं तेव्हा तिने भाताच्या पिकाबद्दल काहीतरी सांगितलं. माझी गाडी दुपारची होती.

निघताना ती अंगणापर्यंत आली. गुरांना वैरण घालून आली असावी, तिच्या केसांत पेंढ्याची काडी अडकली होती. ती काढावी म्हणून मी हात वर केला. आईने डोळे गच्च मिटले आणि मान खांद्यात ओढून घेतली.

मी हात खाली घेतला. तिने डोळे उघडले, गाडी चुकेल म्हणाली आणि घरात गेली. काडी केसांत तशीच होती.